पाणी कोणी चढवलं?

आमच्या शाळेत प्रयोग दोघी शिकवतात. भाषेतले मी शिकवते, कर्तरी आणि कर्मणी. विज्ञानातले माझ्या वन्सं शिकवतात, जळणारे आणि सांडणारे. दोघींच्या वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत आहे, म्हणजे भिंत असल्याची नुसती समजूत आहे. इकडे मी फळ्यावर ‘मांजराने उंदीर पकडला’ असं लिहून कर्ता कोण ते विचारावं, आणि तिकडून फाट्कन काहीतरी फुटल्याचा आवाज यावा. मग तीस पोरांची किंकाळी, आणि तिच्यावर वन्संचा आवाज, “परत! परत करू! नीट कोणी बघितलं?” माझ्या वर्गातली निम्मी पोरं तोवर मांजर, उंदीर आणि मला सोडून मनाने भिंतीपलीकडे गेलेली असतात. पूर्वी मी फार चिडायचे. अजूनही चिडते, पण कारण बदललं आहे. आता मलाही तिकडे जायचं असतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय सेहेचाळीस, उंची बेताची, आवाज बेताचा नाही. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर “राहून गेलं” म्हणतात, जणू काही दुधाची पिशवी आणायची राहून गेली. त्या आमच्याकडे राहतात की आम्ही त्यांच्याकडे, हे अजून ठरलेलं नाही. मात्र आमच्या घरात काचेचा एकही पेला जोडीने नाही, चाळणीला कडी नाही आणि फुगे मात्र बाराही महिने असतात. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला प्रश्न मिळतो. “स्टीलचा चमचा आधी गरम होईल की कपाचा कान? अंदाज सांगा.” पाहुणा बिचारा अंदाज बांधेपर्यंत चहा गार. माझा नवरा म्हणतो, “ताईच्या घरात राहायचं म्हणजे रोजची वार्षिक परीक्षा.”

हे अंदाजाचं खूळ शाळेतही आहे. वन्संच्या खोलीत प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज फळ्यावर लिहायचा आणि खाली नाव टाकायचं. अंदाज चुकला तर पुसायचा नाही. त्याच्याच खाली दुसरा लिहायचा. एकदा एका पोराने लाजून आपला अंदाज हळूच बाहीने पुसला, तर वन्संनी त्याला तो पुन्हा लिहायला लावला. “पुसलास तर तू कुठून निघालास ते मला कसं कळणार रे?” असं त्याला म्हणाल्या. त्यांचा फळा बघितला की आमच्या हेडसरांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना एका प्रश्नाला एक उत्तर आवडतं, तेही सुवाच्य अक्षरात.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. लांबट खोली, दोन खिडक्या रस्त्याकडे, एका कोपऱ्यात बेसिन आणि कधीही पूर्ण बंद न होणारा नळ. टेबलं पूर्वी मोठ्या माणसांच्या उंचीची होती, तेव्हा सहावीतल्या पोरांना टाचा उंचावून भांड्यात बघावं लागे. वन्संनी एका सुट्टीत सुताराला आणून सगळ्या टेबलांचे पाय वीतभर कापून घेतले. हेडसरांना सुट्टी संपल्यावर कळलं. कपाटात बाटल्यांची झाकणं, सुया, दोरा, जुने आरसे, मृत घड्याळं. आणि समोरच्या भिंतीवर वन्संनी स्वतः ऑइलपेंटने काढलेलं हे मोठं चित्र. ताटलीत निळं पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, तिच्यावर उपडा पेला, आणि खाली ठसठशीत अक्षरात, ‘प्राणवायू संपल्यामुळे पाणी वर ओढले जाते.’

हा वन्संचा हातखंडा प्रयोग. तुम्हीही शाळेत बघितला असेल. ताटलीत शाईचं पाणी घ्यायचं, मेणबत्ती उभी करायची, पेटवायची, वरून काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत बारीक होते, विझते, आणि पाणी आपोआप पेल्यात चढतं. एकवीस वर्षं, दरवर्षी सातवीच्या दोन तुकड्या, आणि दरवर्षी तोच “हाऽऽ!” गावात अर्ध्या लोकांना वन्संचं खरं नाव माहीत नाही. मेणबत्तीबाई म्हटलं की रिक्षावाला घरापर्यंत आणून सोडतो.

तर झालं काय, की वरून एक पत्र आलं. आसपासच्या बारा शाळांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला कोरडी खोली हवी होती, आणि कोणाच्या तरी यादीत आमची विज्ञानाची खोली ‘कमी वापरातील’ म्हणून लागली होती. कमी वापरातील! मी आठवड्यातून तीन वेळा त्या खोलीतल्या धुराने खोकते. गुरुवारी तपासणी अधिकारी मॅडम येणार, एक तास बघणार आणि खोलीचा निर्णय देणार. खोली गेली तर विज्ञान वर्गात शिकवायचं, म्हणजे बाईंनी पुढे उभं राहून पुस्तक वाचायचं आणि शेवटच्या बाकावरच्याने ते ऐकल्यासारखं करायचं. पत्र वाचून वन्सं जेवल्या नाहीत. त्या जेवल्या नाहीत हे आमच्या घरात तापाचं लक्षण मानतात.

हेडसर म्हणाले, “मेणबत्तीचाच घ्या. तुमचा हुकमी आहे. उगाच नवीन काही काढू नका.” म्हणून सोमवारी वन्संनी सातवी ‘ब’ला रंगीत तालीम म्हणून तोच प्रयोग दाखवायला घेतला.

सातवी ‘ब’मध्ये एक मुलगी आहे. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, आणि बोलायला लागली की पहिला शब्द ‘पण’. स्टाफरूममध्ये तिचं नावच ‘पण’ पडलं आहे. माझ्या तासाला ती “पण बाई, उंदराने मांजर पकडलं तर?” असं विचारते आणि माझा तास वाहून जातो. त्या दिवशी पेला घातला, ज्योत विझली, पाणी चढलं, “हाऽऽ” झालं, आणि ‘पण’चा हात वर.

“पण बाई, प्राणवायू तर जळताना संपतो ना?”

“हो, म्हणजे काय.”

“पण मग पाणी जळताना चढायला पाहिजे. हळूहळू. ते तर मेणबत्ती विझल्यावर चढलं. एकदम.”

मी भिंतीपलीकडे फळा पुसत होते. तिकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं कोणाला तरी भाजलं. मग वन्संचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे, जरा घोगरा. “परत करू.” परत पेला. परत शांतता. “परत.” चौथ्यांदा ‘परत’ ऐकल्यावर मी वर्ग मॉनिटरच्या हवाली केला आणि तिकडे गेले. वन्सं गुडघ्यांवर बसून, नाक ताटलीला टेकवून बघत होत्या आणि त्यांच्याभोवती तीस डोकी. ज्योत जळत होती तोवर पाणी जागचं हललं नाही. उलट पेल्याच्या काठाखालून दोनचार बुडबुडे बाहेर पडले. ज्योत विझली, क्षणभर काहीच नाही, आणि मग पाणी सुळ्ळकन वर. कोणालाही दिसेल असं. एकवीस वर्षं कोणालाही दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

वन्सं उठल्या. मला वाटलं, आता हातपाय गळले यांचे. तर डोळे लकाकत होते! पोरांना म्हणाल्या, “मला कळत नाही हे. अजिबात कळत नाही! उद्या सांगते. नाही, उद्या आपण सगळे सांगू.”

संध्याकाळी साडेसहाला माझं स्वयंपाकघर गेलं. ओट्यावर तीन ताटल्या, शाई, सगळ्या मेणबत्त्या. आधी एका पेल्याखाली एक मेणबत्ती, मग त्याच पेल्याखाली तीन. तीन मेणबत्त्यांवर पाणी जवळजवळ दुप्पट चढलं. वन्सं ओरडल्या, “पेला तोच! हवा तेवढीच! मग प्राणवायू काय तिप्पट झाला?”

“वन्सं, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही,” मी म्हटलं, “पण तुमच्या भिंतीवरचं ते वाक्य मला पहिल्यापासून खटकतं.”

“कोणतं?”

“पाणी वर ओढले जाते. कर्मणी आहे आणि कर्ता बेपत्ता आहे. कोणाकडून ओढलं जातं? प्राणवायूकडून म्हणाल, तर तो संपला. संपलेला माणूस बादली कशी ओढेल? माझ्या वर्गात असं वाक्य लिहिलं तर मी अर्धा गुण कापते.”

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा दचकून फेकली. “वहिनी,” त्या म्हणाल्या, “ओढतच नसेल कोणी तर? ढकलत असेल तर? बाहेरून?”

“बाहेर कोण आहे?”

“हवा! बाहेर हवा आहे! सगळीकडून दाबतेय. आतली हवा ज्योतीने तापली, फुगली, थोडी बुडबुड्यांतून पळाली. ज्योत विझली, उरलेली हवा गार झाली, आक्रसली. आत जोर कमी पडला, की बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं! तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त तापली, म्हणजे जास्त पळाली!” त्या एका जागी उभ्या राहू शकत नव्हत्या. “थांब, थांब. हे खरं असेल तर मेणबत्ती लागणारच नाही. नुसता गरम पेला पुरेल. वहिनी, पाणी उकळ.”

पहिला पेला उकळत्या पाण्याने तडकला. (तोही जोडीतला उरलेला होता.) दुसरा आधी कोमट आणि मग गरम पाण्याने विसळला, झटकन ओतून ताटलीतल्या गार पाण्यात उपडा घातला. आम्ही दोघी ओट्यावर हनुवट्या टेकून बसलो. अर्धं मिनिट गेलं असेल. निळी रेघ पेल्याच्या आत सरकली. मग आणखी. चांगलं अर्धं बोट चढलं पाणी! ना मेणबत्ती, ना ज्योत, प्राणवायू जागच्या जागी!

मी कशाला खोटं बोलू, मी किंचाळले. सेहेचाळीस आणि एकोणचाळीस वर्षांच्या दोन बायका स्वयंपाकघरात हात धरून उड्या मारत होत्या. नवरा धावत आला. “काय फुटलं?”

“माझी एकवीस वर्षं फुटली!” वन्सं म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

बसल्यावर मात्र म्हणाल्या, “किती पोरांना सांगितलं गं मी हे. छातीठोकपणे.” मग लगेच उठून तिसरा पेला विसळायला घेतला.

बुधवारी हेडसरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “बाई, पुस्तकात आहे तेच दाखवा,” ते हात जोडून म्हणाले. “उद्या पुस्तकातलं, आणि शुक्रवारपासून तुम्हाला हवं तेवढं खरं शिकवा.” ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही खोली हवीच आहे, फक्त ती शांतपणे हवी आहे. आणि खरं सांगते, घरी जाताना मीही तेच म्हटलं. “वन्सं, एकच दिवस. मॅडमना काय कळणार आहे? पोरांना आधी सांगून ठेवा, उद्या जुनं आहे म्हणून.”

“पोरांना काय सांगू? उद्या मोठ्या बाई येणार आहेत, तर आपण सगळे मिळून चुकीचं बोलू?”

“खोली जाईल.”

“जाईल,” त्या म्हणाल्या. आणि रस्ताभर एका हाताने पर्समधली काडेपेटी वाजवत राहिल्या. त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं पूर्वी बघितलं नव्हतं.

गुरुवारी तिसरा तास. आणि इथे एक घोळ झाला, जो आमच्याच शाळेत होऊ शकतो. त्या दिवशी दोन्ही दारांवर मॉनिटरांनी तासाचा विषय लिहून लावला होता. वन्संच्या दारावर ‘विज्ञान’. माझ्या दारावर ‘प्रयोग’. अधिकारी मॅडम, हातात फाइल, नाकावर चष्मा, सरळ माझ्या वर्गात शिरल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. मला वाटलं, माझीही तपासणी दिसते. माझं धाबं दणाणलं. मी मांजराकडून उंदीर पकडवला, मग उंदीर मांजराकडून पकडला गेला, मग भावे प्रयोगही घेतला. पंधरा मिनिटं घशाला कोरड पडेपर्यंत शिकवलं.

शेवटी मॅडमनी घड्याळ बघितलं. “प्रयोग कधी सुरू होणार?”

“चालूच आहे, मॅडम.”

“मग साहित्य कुठे आहे?”

“साहित्य पुढच्या आठवड्यात आहे,” मी म्हटलं. “सध्या नुसतं व्याकरण.”

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मॅडम काही हसल्या नाहीत. भिंतीपलीकडून वन्संचा आवाज आला, “कोणी पेल्याला हात लावू नका!” तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्या उठल्या, वैतागलेल्या, पंधरा मिनिटं वाया गेलेल्या. मीही त्यांच्यामागे निघाले आणि माझ्यामागे माझा अख्खा वर्ग. कोणी काही म्हटलं नाही म्हणून आम्ही सगळे विज्ञानाच्या खोलीत मागच्या भिंतीला चिकटून उभे राहिलो. हेडसर कोपऱ्यात रुमालाने कपाळ पुसत होते.

सहा टेबलं, प्रत्येकावर तीन ताटल्या. एक मेणबत्ती, तीन मेणबत्त्या, आणि एक ताटली नुसतीच, शेजारी गरम पाण्याची बाटली. फळा अंदाजांनी भरलेला. वन्संचा चेहरा पांढरा पडला होता. पण पहिली काडी ओढली आणि त्या पूर्वीच्या झाल्या. “ज्योतीकडे बघू नका! पाण्याकडे बघा! कधी हलतं ते सांगा!” सहा टेबलांवर सहा ज्योती विझल्या. एक क्षण. मग “आत्ता! आत्ता! बाई, आत्ता!” असा गलका. तीन मेणबत्त्यांचा पेला झाला तेव्हा एक पोरगा बाकावरून खाली पडला. गरम पेल्याची पाळी आली तेव्हा मॅडमनी फाइल टेबलावर ठेवली आणि पोरांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पाणी चढलं. मॅडम सरळ झाल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि भिंतीवरचं चित्र वाचलं.

“इथे तर वेगळं लिहिलंय.”

“ते चूक आहे,” वन्सं म्हणाल्या. “मी लिहिलंय ते.”

“पुस्तकातही तेच आहे.”

“पुस्तकातही चूक आहे. प्राणवायूचा थोडा हात असेलही, पण पाणी चढण्याचं मुख्य कारण तो नाही. तुम्ही आत्ता बघितलंत.”

हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

“एकवीस वर्षं शिकवताय ना तुम्ही?” मॅडम म्हणाल्या. “हे लक्षात कधी आलं?”

“सोमवारी.” कोणीतरी हसलं. वन्सं हसल्या नाहीत. “आणि माझ्या नाही आलं. हिच्या आलं. ऊठ गं.”

‘पण’ उठली. सगळी शाळा तिच्याकडे बघत होती. तिने वेणीचं टोक हातात घेतलं. “पण मॅडम, माझ्या पण नाही आलं. तो प्रश्न माझ्या आईचा आहे.”

“आईचा?”

“आईने सांगितलं होतं, मेणबत्तीचा प्रयोग असेल तेव्हा हे विचार म्हणून. ती सातवीत होती तेव्हा तिने विचारलं होतं. ह्याच बाईंना.” मग तिचा आवाज बारीक झाला. “पण बाई रागावल्या. तिला बाकावर उभं केलं. तास संपेपर्यंत.”

नळाचे थेंब ऐकू येत होते. मी वन्संकडे बघू शकले नाही, पण न बघताही राहवेना. त्यांनी टेबल घट्ट धरलं होतं.

“मला आठवत नाही,” वन्सं म्हणाल्या. “मला आठवतसुद्धा नाही. पण मी केलं असणार. पहिलं वर्ष होतं माझं. मला एखाद्या गोष्टीचं उत्तर आलं नाही की मी पोरांना उभं करायचे.” मग एकदम, “आई कुठे असते तुझी?”

“समोर. लॉन्ड्रीत.”

वन्सं निघाल्या. तपासणी चालू आहे, अधिकारी समोर उभ्या आहेत, खोलीचं भवितव्य टांगलेलं आहे, आणि बाई काडेपेटी हातात घेऊन चक्क बाहेर! आम्ही सगळे खिडक्यांकडे धावलो, मॅडमसुद्धा. वन्संनी इकडे तिकडे न बघता रस्ता ओलांडला. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि काहीतरी बोलला. लॉन्ड्रीच्या दारात इस्त्रीवाली दिसली, वन्सं हातवारे करताना दिसल्या, आणि मग दोघी परत येताना दिसल्या, वन्संनी तिचं मनगट धरलेलं.

इस्त्रीवाली दारातच थांबली. पस्तिशीच्या आतलीच, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, गाल वाफेने लाल. इतकी माणसं बघून ती बावरली. “बाई, इस्त्री बंद करून आलेय, पण गिऱ्हाईक आहे,” असं पुटपुटली. मुलीकडे बघून तिने डोळे वटारले, काय केलंस गं मेले, अशा अर्थाने.

वन्संनी तिच्या हातात काडेपेटी दिली. “लाव.”

तिने तिन्ही मेणबत्त्या पेटवल्या. हात सराईत होते, काडी एकाच ओढीत पेटली. पेला घातला. बुडबुडे आले. ज्योती एकामागून एक गेल्या. ती वाकली, श्वास रोखून. पाणी सुळ्ळकन वर आलं आणि तिच्या तोंडून ‘बघा!’ असा शब्द निघून गेला. मग तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

“का चढलं?” वन्संनी विचारलं.

“मी कशी सांगू? तुम्ही बाई.”

“मला सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. तू सांग.”

तिने पेल्याला बोट लावून बघितलं. काच कोमट होती. “गार झाल्यावर चढलं ना?” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडे पिशव्यांचं असंच होतं. गरम कपडे पिशवीत भरले आणि तोंड लगेच चिकटवलं, की थोड्या वेळाने पिशवी कपड्यांना घट्ट बसते. बाहेरून कोणी दाबल्यासारखी. म्हणून मी म्हणते, आधी गार होऊ द्या.”

“बाहेरून कोण दाबतं?” मी मागून ओरडले. मला राहवलंच नाही. “कर्ता सांगा!”

“हवाच असणार,” इस्त्रीवाली म्हणाली. “बाहेर दुसरं काय असतं?”

खोलीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. माझा वर्ग, त्यांचा वर्ग, टाळ्या, बाकांवर थापा. कोपऱ्यात हेडसरही टाळ्या वाजवत होते आणि आपण का वाजवतोय असा चेहरा करून इकडे तिकडे बघत होते. मॅडमनी हातानेच शांत राहायला सांगितलं आणि फाइल उघडली. दोन ओळी लिहिल्या. मग म्हणाल्या, “हेडसर, गठ्ठ्यांसाठी दुसरी खोली शोधू आपण. इथे उत्तरपत्रिका ठेवल्या तर पहिल्याच आठवड्यात जळतील.” त्या विनोद करत होत्या हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. मग वन्संनी मला इतक्या जोरात मिठी मारली की माझं पेन मोडलं.

गडबडीत इस्त्रीवाली दाराकडे निघाली होती. मध्येच थांबली. “बाई, एक सांगू? रागावू नका. त्या दिवसानंतर मी विज्ञानाच्या तासाला परत कधी हात वर केला नाही. मला वाटलं, आपल्याला यातलं कळत नाही. पुढे शिकायचं होतं, पण म्हटलं, आपलं डोकं तसलं नाही.”

वन्संचा चेहरा बघवेना. त्या जवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “तू बरोबर होतीस.”

“हळू नका म्हणू,” इस्त्रीवाली म्हणाली. “तेव्हा मोठ्याने ओरडला होतात.”

वन्संनी श्वास घेतला आणि मी आजवर ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, सगळ्या वर्गाकडे तोंड करून म्हणाल्या, “ही बरोबर होती! सातवीत असतानाच हिला दिसलं होतं! चूक माझी होती!”

इस्त्रीवालीने बाहीने डोळे पुसले. तिने मुलीच्या बाकाकडे बघितलं, मग वन्संकडे.

“मग आता बसू का, बाई?” ती म्हणाली.

वन्संनी मानेनेच हो म्हटलं, आणि मुलीने सरकून आईला जागा करून दिली.